हशाची पावती

तळकोकणातला माणूस पुण्या-मुंबईच्या चारचौघांत "माका काय म्हायत नाय" एवढंच म्हणाला, तरी शेजारचे दोघे हसतात. त्याने विनोद केलेला नसतो, त्याला खरोखरच माहीत नसतं. पण मालवणी कानावर पडली की हसायचं, हे ऐकणाऱ्याचं आधीच ठरलेलं असतं. बाहेरच्यांचं मी समजू शकतो. बोचतं ते हे, की आता आम्हीही तसंच वागू लागलो आहोत. आपल्याच देवळासमोर, आपल्याच बोलीत कुणी काही बेतून, घडवून बोललं आणि हशा आला नाही, तर ते पडलं असं आपण समजतो.

डबलबारीचंच घ्या. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन भजनी बुवा, दोघांची आपापली मंडळं, पखवाज, झांजा, पेटी. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. पहिल्याने अभंगातून, गजरातून एखादा मुद्दा टाकायचा आणि दुसऱ्याने तो उचलून परतवायचा. सिंधुदुर्गात याची पोस्टरं लागतात, 'जंगी सामना' असं ठळक अक्षरांत छापतात, आणि माणसं दोन-तीन गाव ओलांडून ऐकायला येतात. यातली खरी मजा परतवण्यात आहे. समोरच्याने वापरलेलाच शब्द घ्यायचा, त्याला जरा कुशीवर वळवायचा आणि त्याच चालीत त्याच्या पदरात टाकायचा. पण हल्ली बारी अर्ध्यावर आली की पुढच्या रांगांतून सूचना येऊ लागतात. बुवा, जरा हसवा. मग बुवा समोरच्या बुवाच्या पोटावर बोलतो, टकलावर बोलतो, बायकोवर बोलतो. मंडप हसतो, माइकवरून बक्षिसाच्या रकमा पुकारल्या जातात. ज्याने महिनाभर खपून दोन अर्थांचा गजर बांधला, त्याच्या वेळी लोक भजी खायला उठलेले असतात.

भाषेतल्या हुशारीने हसवलंच पाहिजे का, हा प्रश्न म्हणून मला पुस्तकी वाटत नाही. कोणाला व्यासपीठ मिळतं, कोणाला सुपारी मिळते, शाळेच्या स्नेहसंमेलनात मालवणी कुठल्या कार्यक्रमात बसवतात, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. माझं म्हणणं असं, की हशा ही शब्दखेळाची एक पावती आहे. बोलणाऱ्याने टाकलेलं ऐकणाऱ्याला पोचलं, एवढंच ती सांगते. कोकणात अशा पावत्या निरनिराळ्या होत्या, ज्या त्या बोलण्याची वेगळी. त्या आपण एकेक करून बंद केल्या आणि हशाची तेवढी चालू ठेवली.

सगळ्यात आधी गाऱ्हाणं. मालवणी शब्दखेळाचा याहून मोठा नमुना मला माहीत नाही, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. जत्रेला, देवळाच्या कार्याला, गणपतीत, नव्या होडीच्या पूजेला गावचा मानकरी किंवा घरातला जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवून उभा राहतो. बाकीचे मागे हात जोडून. तो बोलतो ते साधारण असं:

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा! आज जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली असत, जी येवक गावली नाय, जी मुंबैक असत, जी दर्यात असत, तेंच्या सगळ्यांच्या वतीन ह्यो नारळ तुझ्याकडे ठेवलो असा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाकडना कळत-नकळत काय उणा-अधिक झाला असात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण वाकडो चलत असात, तेका सरळ वाटेर हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे नीट ऐका. पहिल्या वाक्यात जे आले नाहीत त्यांनाही हजर करून घेतलंय, कारण उद्या कुणी म्हणायला नको की देवाने आमच्यावर कोप केला, आमच्या नावाने नारळ नव्हता. दुसऱ्यात चूक कबूल केलेली नाही आणि नाकारलेलीही नाही. 'उणा-अधिक' या जोडीत कमी केलेलं आणि जास्त केलेलं दोन्ही बसतं, आणि कोणी केलं ते कुठेच येत नाही. एखाद्या मुरलेल्या वकिलाने मसुदा करावा तसा. तिसरं वाक्य तर फारच पोचलेलं. बांधाचे दगड रातोरात सरकवणारा तो 'वाकडो' बहुतेक वेळा तिथेच, मागच्या रांगेत हात जोडून उभा असतो. गावाला ठाऊक असतं, त्यालाही ठाऊक असतं. नाव कोणी घेत नाही. आणि त्यालाही सगळ्यांबरोबर मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं. आपल्याविरुद्धच्या अर्जावर आपलीच सही!

इथे कोणी फिस्सकन हसलं तर सगळं बिघडेल. वाकड्याला सुटायला वाट मिळेल, गंमत चालली होती असं म्हणता येईल. न हसण्यावरच या शब्दांची ताकद उभी आहे. आणि पावती कसली? तर तीच, "व्हय म्हाराजा". एका आवाजात, वेळेवर, दणक्यात आली तर गाऱ्हाणं घालणाऱ्याला कळतं की बोलणं बसलं. आवाज विस्कळीत आला तर जुनी माणसं लगेच ओळखतात की गावात कुठेतरी दोन तट आहेत.

आता माझ्याच म्हणण्याला अडचणीची ठरेल अशी गोष्ट सांगतो, कारण ती लपवून पुढे जाता येत नाही. त्याच जत्रेच्या रात्री, त्याच देवळासमोर दशावतार उभा राहतो. संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद नट तिथल्या तिथे बोलतात. त्यात राजे, ऋषी, देव बोलतात ते ग्रांथिक मराठीत, संस्कृत शब्दांच्या माळा लावून. मालवणी येते ती संकासुर या विनोदी राक्षसाच्या तोंडी. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, तो येतो, भटजीची फिरकी घेतो आणि पेंगुळलेली पोरंसुद्धा उठून बसतात. म्हणजे मालवणीने हसवायचं आणि प्रमाण मराठीने शहाणपण सांगायचं, ही वाटणी काही दूरचित्रवाणीने केलेली नाही. ती जुनीच आहे आणि आमच्याच अंगणातली आहे.

पण ती रंगमंचापुरती होती, हे महत्त्वाचं. मंचावर देव माणसांशी ग्रांथिक बोलायचा आणि गाभाऱ्यापुढे माणसं देवाशी मालवणीत बोलायची, तीही पूर्ण गांभीर्याने. एकाच रात्री, पन्नास पावलांच्या अंतरावर. म्हणून संकासुराचं हसवणं बोलीला खाऊन टाकत नव्हतं. आता गाऱ्हाणं घालणारी माणसं कमी झाली, शहरांतल्या गणपतीत ते ध्वनिफितीवर लागतं, आणि काही ठिकाणी तर गाऱ्हाण्याच्या चालीवर राजकीय विडंबनं म्हणून लोकांना हसवतात. विडंबनाला माझी हरकत नाही. पण मूळ न ऐकता ज्याने आधी विडंबनच ऐकलं, तो पोरगा उद्या खरं गाऱ्हाणं ऐकून हसणार. त्याचा दोष कसा काढायचा?

काव्यशास्त्राकडे मी थोडक्यात जातो. आपल्याकडे श्लेष अलंकारांत मोडतो आणि हास्य रसांत. ही दोन खाती पहिल्यापासून वेगळी आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याची कारणं सांगितली आहेत ती विचित्र वेश, विचित्र दागिने, निलाजरेपणा, असंबद्ध बडबड, दुसऱ्याचं व्यंग या जातीची. शब्दाला दोन अर्थ असणं त्या यादीत नाही. बाराव्या शतकात कविराजाने 'राघवपांडवीय' रचलं. एका बाजूने वाचलं तर रामायण, दुसऱ्या बाजूने तेच श्लोक महाभारत. एवढा मोठा श्लेष, पण तो वाचून कोणी हसावं अशी कवीची अपेक्षा नाही. वाचणाऱ्याने चकित व्हावं, एवढी मात्र नक्की आहे.

आणि आपल्या मोरोपंतांचं काय! पंत (१७२९ ते १७९४) जन्मले पन्हाळ्याला, पुढचं आयुष्य राहिले बारामतीला, पण पराडकर घराणं मूळचं राजापूर तालुक्यातल्या सौंदळचं, म्हणून आम्ही त्यांच्यावर हक्क सांगतो. त्यांनी एकशेआठ रामायणं रचली असं परंपरा सांगते, आणि त्यांतल्या कितीतरींना काही ना काही अट आहे. एक 'निरोष्ठ रामायण' आहे. ओठाला ओठ लावून उच्चारायची अक्षरं त्यात वापरायची नाहीत. प, फ, ब, भ, म सगळी बाद. आता जरा आरशासमोर उभं राहून ओठ न मिटता 'राम' म्हणून बघा. म्हणजे रामाचं नावच घेता येत नाही आणि रामायण सांगायचं! ही कसरत आहे हे मान्य, पण ती विनोद नाही. नाव न घेता एखाद्याबद्दल सांगत राहणं हे भक्तीत, प्रेमात आणि भांडणातही चालतं. गाऱ्हाण्यातल्या वाकड्याचंही तेच.

त्याच पंतांच्या 'केकावली'कडे बघा. कवीची नाममुद्रा मयूर, आणि मोराच्या ओरडण्याला केका म्हणतात. शीर्षकातच कोटी आहे. आत काय आहे? म्हातारपणाकडे झुकलेला माणूस देवाला आळवतोय, ये म्हणतोय. कोटी आहे म्हणून काकुळतीची धार कमी झालेली नाही. उलट आपलं नाव त्या हाकेत गुंफल्यामुळे ती हाक त्याची एकट्याची झाली. पंतांवर यमकांच्या हव्यासाचा आरोप फार जुना आहे आणि पुष्कळदा खराही आहे. एकामागोमाग आर्या वाचत गेलं की जीव थकतो, कारागिरी दिसते आणि माणूस दिसेनासा होतो. हुशारीला हशा नको म्हणताना हेही कबूल केलं पाहिजे की हशाही नाही आणि दुसरं काहीच नाही, अशी हुशारी भाषेत भरपूर आहे. डबलबारीतल्या श्रोत्याने कंटाळून "हसवा" म्हटलं, त्यामागे अशा कोरड्या बुवांचाही हात असतो.

हुमाणांत ही अडचण कधी येत नाही. हुमाण म्हणजे कोडं, घाटावर त्याला उखाणा म्हणतात. (घाटावरच्या उखाण्यांत कोकणातून कायम कोणीतरी येत असतं आणि त्याचं काही बरं होत नाही. 'कोकणातून आला भट, धर की आपट' याचं उत्तर शेंबूड. यावर आम्ही काय बोलणार!) हे हसवणारं झालं. पण 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे' घ्या. उत्तर दात आणि जीभ. लहानपणी हे कळलं की आधी आपली जीभ तोंडात जागच्या जागी जड होते. कोणीही हसत नाही. माणसाच्या जिभेला नागीण म्हणण्याइतकं गंभीर विधान चार शब्दांत उरकलंय आणि ते पोराटोरांच्या खेळात ठेवून दिलंय. इथे पावती म्हणजे उत्तर सुटणं. सुटलं की पोर ओरडतं, हसतं ते क्वचित.

सिंधुदुर्गातून उत्तरेला, म्हणजे रत्नागिरीत सरकलं की शक्ती-तुरा. जाखडी नाचाचं वर्तुळ, मध्ये ढोलकी आणि गाणारे, भोवती पायांत चाळ बांधून नाचणारे. चाकरमान्यांनी तो मुंबईत नेला आणि गिरणगावातल्या सभागृहांत त्याचे सामने रंगले. शक्तीवाल्यांचा पक्ष आदिमायेचा, तुरेवाल्यांचा शिवाचा. शाहीर कवनातून सवाल टाकतो आणि समोरच्याने कवनातूनच जवाब द्यायचा. सवाल पुराणातले, सृष्टी कोणी केली, माया आधी की पुरुष आधी, अशा जातीचे. दिवसभर गिरणीत किंवा कोणाच्या घरी राबून आलेली माणसं रात्री याच्यावर भांडत, आणि जवाब चुकला तर श्रोत्यांतूनच आवाज येई. श्रोत्याला पुराण ठाऊक होतं म्हणून शाहिराला जपून शब्द टाकावा लागे. आज सवालाला जवाब देण्याऐवजी समोरच्या शाहिराची टिंगल केली तरी चालतं, किंबहुना तेच जास्त चालतं, कारण टिंगल कळायला काही माहीत असावं लागत नाही. माझ्या मते दुखणं इथे आहे. हशाची पावती सगळ्यांत स्वस्त आहे. ती द्यायला ऐकणाऱ्याला फारसं काही यावं लागत नाही.

हसण्याने आणखी एक होतं, आणि मालवणी माणसाला हे कोणी शिकवायला नको. तिरकस बोलून झाल्यावर समोरचा चिडला की आपण लगेच म्हणतो, "मस्करी केलंय रे, गजाल ती!" झालं. बोललेलं मागे न घेता जबाबदारी तेवढी मागे घेतली. गावात टोपणनावं पडतात तीही याच वाटेने. ज्याचं नाव पडलं त्याने मनाला लावून घेतलं तर त्यालाच हसतात. विनोद अशा वेळी बोलणाऱ्याची ढाल असतो. काही वेळा ती ढाल दुबळ्याच्या हातात असते आणि तिची गरजही असते. संकासुर भटजीला टोचतो ते त्याला विनोदी ठरवलंय म्हणूनच खपून जातं. शिमग्यातही वर्षाचं मनातलं बोलून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्याचा हिशोब मागत नाही. पण प्रत्येक टोकदार वाक्याला हशाचं म्यान चढवायची सवय लागली की मग साधं, सरळ, ज्याची किंमत मोजावी लागेल असं वाक्य बोलायचं धाडसच राहत नाही.

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या एका माणसाने ती किंमत मोजली. टिळकांचे अग्रलेख आठवा. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे १८९७ चं. 'उजाडले, पण सूर्य कोठे आहे?' हे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवरचं. दोन्हींत शब्दाची फिरकी आहे. दुसऱ्यात तर अख्खा युक्तिवाद एका प्रश्नात आटोपलाय. चावडीवरच्या तिरकस म्हाताऱ्याच्या तोंडी शोभेल अशीच ही भाषा, पण वाचून हशा पिकत नव्हता, सरकार अस्वस्थ होत होतं. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःची बाजू मांडताना एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केलं आणि त्यातला मोठा भाग सरकारी भाषांतराच्या चुका दाखवण्यात गेला. मराठी शब्दाचा झोक इंग्रजीत भलताच होतो, हे ते मराठी न जाणणाऱ्या जूरीला पटवत होते. जूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला, शिक्षा सहा वर्षांची झाली. तिथे त्यांना "मस्करी केली" म्हणून सुटता आलं नसतं, आणि त्यांनी ते म्हटलंही नसतं. शब्दाच्या अर्थाचा कीस पाडत उभं राहणं त्यांनी पत्करलं.

माझ्यावर एक हमखास आक्षेप येणार. मालवणीला जगात ओळख दिली ती विनोदानेच. खरं आहे. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते उचलून धरलं, पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. त्याआधी मुंबईत मालवणी बोलायला लाजणारी माणसं त्यानंतर उघड बोलू लागली, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण त्या नाटकात हसू कशाचं येतं ते बघा. गावातली मंडळी महाभारताचा प्रयोग करायला जातात आणि ग्रांथिक संवाद त्यांच्या तोंडात बसत नाहीत, सारखी मालवणी मध्ये घुसते. म्हणजे मघाशी मी म्हटलं ती वाटणी, देवांची भाषा आणि माणसांची भाषा, तीच त्या नाटकाने मंचावर आणून उलटीपालटी केली. त्यात विचार होता. मागाहून आलेल्यांनी त्यातला विचार सोडला आणि हेल तेवढा उचलला. हेल काढून काहीही बोललं की झाला विनोद.

बोलीला दुसरं काही जमत नाही असं म्हणावं, तर २०१६ साली आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही दूरचित्रवाणीवरची भीतीची मालिका महाराष्ट्रभर बघितली गेली. अंधश्रद्धेवरून तिच्याविरुद्ध कोकणात बराच आरडाओरडा झाला, तो बाजूला ठेवू. पण मालवणी बोलणारी माणसं घाबरवतात, दुखावतात, कट करतात, हे प्रेक्षकांनी बिनतक्रार स्वीकारलं. अर्धवट बोलून सोडलेली वाक्यं, वरून गोड आणि आतून धमकी, हे सगळं त्या बोलीत होतं आणि लोकांचे श्वास अडकत होते. पुढे काय झालं? त्यातल्या सर्वांत जरबेच्या माणसाच्या वाक्यांचे मोबाइलवर विनोद झाले. घाबरवणारा म्हातारा हसवणारा झाला. मालवणी बोलतोय म्हटल्यावर त्याला गंभीर राहू देणं आपल्याला जमेना.

कवींकडे मात्र उलट पुरावा आहे. देवगड तालुक्यात १९१८ साली जन्मलेले विंदा करंदीकर लहान मुलांसाठी शब्दांशी मनसोक्त दंगा करत आणि तोच नादाचा कान घेऊन मोठ्यांसाठी विज्ञान, तत्त्वज्ञान, माणसाचं क्षुद्रपण यांवर लिहीत. वेंगुर्ल्याजवळच्या बागलाच्या राईत १९३० साली जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'आरती प्रभू' या नावाने कविता लिहिल्या. त्यांत शब्द एकमेकांचे प्रतिध्वनी होऊन येतात आणि वाचणाऱ्याला गारठवतात. या दोघांना कोणी विचारलं नाही की तुमच्या यमकाला लोक का हसत नाहीत. छापील मराठीत ही मुभा आहे. बोलीला तेवढी दिली, तर माझी तक्रार मिटेल.

आणि मुंबई-गोवा रस्त्यावर घाटात लागलेल्या पाट्या? 'अति घाई, संकटात नेई'. 'मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक'. सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. यमक आहे, द्विरुक्ती आहे, दुसरीत तर ब्रेक एकदा मनाला आणि एकदा गाडीला लावलाय. कोण लिहून गेलं, कोणाला पत्ता नाही. वळणावर पाटी दिसते, पाय आपोआप हलका होतो, तीच तिची पावती. रस्त्याला हसवून माणूस वाचवता आला असता तर आमच्याकडचे अपघात केव्हाच थांबले असते. हल्ली काही ठिकाणी पर्यटकांना हसवणाऱ्या चावट पाट्या दिसतात. लोक गाडी थांबवून त्यांचे फोटो काढतात, तेही नेमके वळणावर!

तर मागणी काय? हसू नका, असं मी म्हणत नाही. संकासुराला हसलो नाही तर तो मला सोडायचा नाही. पण मालवणी बोलीच्या ज्या स्पर्धा आता गावोगाव होतात, त्यांच्या गुणपत्रिकेत 'विनोद' आणि 'सादरीकरण' एवढेच रकाने असतील, तर एक रकाना 'शब्दयोजना' असा वाढवावा आणि गुण देणाऱ्यांत एखादा गाऱ्हाणं घालणारा म्हातारा बसवावा. त्याला कान आहे. शाळेत मालवणी एकांकिका बसवताना एकदा तरी अशी बसवावी जिच्यात कोणी मरतं, कोणी घर सोडून जातं, आणि मास्तरांनी पोरांना हेल ताणायला सांगू नये. गावागावांतली गाऱ्हाणी, त्या त्या देवाच्या नावांसकट आणि मानकऱ्यांच्या क्रमासकट, लिहून घ्यायला हवीत. हे काम ग्रंथालयांनी करावं, ध्वनिफीत काढून विकणाऱ्यांवर सोडू नये. आणि शक्ती-तुऱ्यात जवाब न देता टिंगल करून वेळ मारून नेली, तर पंचाने बारी तिथेच थांबवून सवाल पुन्हा वाचावा. श्रोते आधी कुरकुरतील, मग जवाब शोधू लागतील.

डबलबारीच्या आयोजकांना वेगळं सांगणं आहे. जत्रांचा हंगाम कार्तिकीच्या आसपास सुरू होतो, त्याआधी पोस्टरं छापायला जातात. त्यांवर बुवांचे फोटो, पखवाजवाल्यांची नावं, देणगीदारांची भलीमोठी यादी असते. एक ओळ आणखी मावेल. कुठला बुवा कुठल्या विषयावर बांधणी करून येतोय तेही छापा, म्हणजे ऐकणारा थोडा वाचून, थोडं म्हाताऱ्यांना विचारून येईल. आणि बक्षिसं मध्येच माइकवरून पुकारू नका, बारी संपल्यावर पुकारा. गजरातला दुसरा अर्थ शेवटच्या आवर्तनात उलगडतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोणाच्या तरी शंभर रुपयांची घोषणा होत असते.